वापरलेला रीफ खडक: धुवायचा कसा, मुरवायचा किती?

पर्वरीकर | १४ जून

नमस्कार मंडळी. वास्कोहून बदली होऊन गेलेल्या एका ओळखीच्या कुटुंबाकडून त्यांच्या खाऱ्या पाण्याच्या रीफ (प्रवाळाच्या) टाकीतला सगळा खडक घेतला आहे. साधारण पंचवीस किलो भरेल. बराचसा कृत्रिम आहे, सिमेंट आणि एरागोनाइटचा (कॅल्शियम कार्बोनेटचं खनिज), बिलासकट. चार-पाच तुकडे वेगळे आहेत. हलके, भोकाभोकांचे. तो खाणीतून काढलेला जीवाश्म खडक, असं ते म्हणाले.

टाकी बंद केल्यावर खडक पोत्यांत भरून बाल्कांवात (ओसरीत) पडून होता, वर्षभर तरी. काही तुकड्यांवर वाळलेल्या शेवाळाची कातडी आहे, किड्यांच्या पांढऱ्या नळ्या आहेत. कोरडा असताना वास नव्हता. एक तुकडा पाण्यात टाकून बघितला तर रात्रीतून असा वास सुटला की बायकोने बादली घराबाहेर काढली, मागोमाग मलाही काढणार होती.

माझी टाकी २०० लिटर, खाली ६० लिटरचा सम्प (पाणी गाळायची जोडटाकी). गोड्या पाण्याचा अनुभव आहे, खाऱ्यात पहिलंच पाऊल. ब्रशने घासून, धुऊन टाकला तर चालेल का? की उकळत्या पाण्यातून काढू? उन्हात वाळवावा म्हटलं तर ऊन आता गणपतीनंतर. आणि एकूण वेळ किती धरायचा?

साखळीकर | १४ जून

रुमाल टाकून ठेवतो. आमच्याकडे गप्पी आणि एक म्हातारा ऑस्कर, त्यामुळे फक्त वाचणार.

खारवट | १४ जून

उकळू नका. बाकीचं सावकाश बोलू, हे आधी.

खाऱ्या टाकीतल्या खडकावर झोअँथिड किंवा पॅलिथोआ जातीचे बटणासारखे जीव असू शकतात. त्यांतल्या काहींत पॅलिटॉक्सिन नावाचं विष असतं. नुसत्या उष्णतेने ते सहज मोडत नाही. उकळताना वाफेबरोबरचे बारीक तुषार श्वासात गेले की ताप, दम लागणं, तोंडात धातूची चव, स्नायू दुखणं. अख्खं घर इस्पितळात दाखल झाल्याच्या घटना परदेशात नोंदल्या गेल्या आहेत. खडक वर्षभर कोरडा होता म्हणून विष गेलं असं समजू नका. गरम पाणी ओतणं, घरात प्रेशर वॉशर मारणं, कोरडा खडक खरवडून धूळ उडवणं, सगळं बंद. घासायचं ते ओलं करून, रबरी हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा लावून, उघड्यावर.

आता मला दोन गोष्टी सांगा. त्या टाकीत माशांवर कधी कॉपरचं औषध वापरलं होतं का? आणि बंद करायच्या आधी टाकी कशी होती, शेवाळाने माजलेली की स्वच्छ?

पर्वरीकर | १५ जून

फोन करून विचारलं. कॉपर टाकीत कधीच नाही, आजारी मासे वेगळ्या बादलीत ठेवायचे. शेवाळाचं म्हणाल तर शेवटची दोन वर्षं हिरव्या केसांचं शेवाळ आवरेना, म्हणूनच कंटाळून बंद केली.

खारवट | १५ जून

मग पहिली चिंता मिटली. कॉपर खडकात मुरतं आणि हळूहळू सुटत राहतं. मासे एकवेळ तगतात, पण प्रवाळ, गोगलगायी, झिंगे यांना अगदी थोडंही मारक. पूर्वेतिहास माहीत नसेल तर तसा खडक मी फक्त माशांच्या टाकीला देतो.

दुसरं उत्तर मात्र महत्त्वाचं. तुमचा प्रश्न खडकावर जे दिसतंय त्याचा नाही. ती कातडी ब्रशने निघेल, नळ्या चिमट्याने मोडतील. जे दिसत नाही ते फॉस्फेट. कॅल्शियम कार्बोनेट फॉस्फेटला धरून ठेवतं. टाकीत वर्षानुवर्षं खाद्य पडलं, पाण्यात फॉस्फेट वाढलं, तसं ते खडकाच्या पृष्ठभागावर आणि छिद्रांत जाऊन बसलं. आता तोच खडक स्वच्छ पाण्यात ठेवला की उलटा प्रवास सुरू, खडकातून पाण्यात. नवी टाकी, नवं पाणी, दोनच मासे, खाद्य चिमूटभर, तरी शेवाळ का येतं म्हणून लोक डोकं धरून बसतात.

म्हणून तुमच्या कामाचे तीन भाग. आतली वाळलेली घाण जाळणं, फॉस्फेट काढणं, मग अमोनिया खाणारे जिवाणू वसवणं. पहिल्याला दिवस लागतात, दुसऱ्याला आणि तिसऱ्याला आठवडे. एकूण दोन ते तीन महिने धरा. घाई असेल तर नवा कोरडा खडक विकत घ्या, खरंच सांगतो.

घाण जाळायला ब्लीच. हार्डवेअरच्या दुकानात साधं सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण मिळतं, चार-पाच टक्क्यांचं, बिनवासाचं घ्या. फिनेलसारखा सुगंध किंवा साबण घातलेलं नको. विहिरीत टाकतात ती ब्लीचिंग पावडरही नको, तिचा चुन्याचा गाळ खडकाच्या भोकांत बसतो. आधी साध्या पाण्यात घासून, हलवून जेवढा गाळ पडेल तेवढा पाडून घ्या. मग एक भाग ब्लीच, दहा भाग पाणी, आणि आत एक जुना पॉवरहेड (पाणी घुसळणारा बुडता पंप) फिरता ठेवा. एक-दोन दिवस. पाणी तपकिरी झालं आणि क्लोरीनचा वास गेला तर ब्लीच संपलं पण घाण उरली, पुन्हा भरा. शेवटी स्वच्छ पाण्यातून दोन-तीनदा काढायचा आणि अँटी-क्लोरीन, म्हणजे हायपोचे खडे, विरघळवलेल्या पाण्यात बुडवायचा. वास पूर्ण गेल्याशिवाय पुढे जायचं नाही.

उन्हाची वाट बघू नका. हायपोने क्लोरीन मरतं, त्याला सूर्य लागत नाही.

बेळगावचा_मासेवाला | १५ जून

खारवट यांच्याशी अर्धा सहमत. ब्लीच कशाला? मी आजवर एकाही खडकाला ब्लीच लावलेलं नाही. खाऱ्या पाण्याच्या ड्रममध्ये टाका, वर झाकण, आत पॉवरहेड, पूर्ण अंधार. दर आठवड्याला खडक त्याच पाण्यात हलवून गाळ झाडायचा, पाणी बदलायचं. जिवाणू आतली घाण स्वतः खातात, प्रकाश नाही म्हणून शेवाळ मरतं. खडक जिवंत राहतो. ब्लीच मारून निर्जंतुक केलेल्या खडकावर पुढे सहा महिने तपकिरी डायटम, लाल सायनो, डायनोफ्लॅजेलेट, एकामागून एक नकोशा थरांची वरात निघते, कारण मोकळ्या जागेवर जो पहिला येईल तो बसतो.

खारवट | १५ जून

ओला खडक, एका टाकीतून थेट दुसरीकडे जाणारा, असता तर मीही हेच सांगितलं असतं. अशा खडकाला ब्लीच लावणं म्हणजे शुद्ध नुकसान. पण यांचा वर्षभर पोत्यात होता. वाचवायचं आत काही उरलेलं नाही. एप्टेशिया (डंख मारणारं, भराभर पसरणारं समुद्रफूल), बबल शेवाळ, व्हर्मेटिड गोगलगायी, जे त्रासदायक होतं ते मेलं आणि जे उपयोगी होतं तेही. उरलाय तो सांगाडा आणि वाळलेलं मांस.

वरातीबद्दल मात्र तुमचं बरोबर. ब्लीचच्या वाटेने गेलं की ती बघावी लागते. शेवटी एखादा ओला, निरोगी टाकीतला छोटा तुकडा बियाण्यासारखा सोबत ठेवला तर ती लवकर आटोपते. तो तुकडा मात्र एप्टेशिया नसलेल्याच टाकीतला हवा.

गडगडाट | १६ जून

एवढा खटाटोप कशाला रे बाबांनो? काणकोणला, हणजुण्याला किनाऱ्यावर दगडच दगड. ग्रांदी बेटावर बोटीने जाणारे लोक तर प्रवाळाचे तुकडे खिशात घालून आणतात. फुकट.

दोनापावला | १६ जून

दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्हींचं उत्तर नाही असंच आहे.

हणजुणे, वागातोरला काळा-तांबडा खडबडीत दिसतो तो बहुतेक जांभा. आपल्या घराच्या चिऱ्याचाच भाऊ. त्यात लोह भरपूर, कॅल्शियम कार्बोनेट नाही. व्हिनेगरचे चार थेंब टाकून बघा, फसफसला नाही तर तो दगड रीफच्या कामाचा नाही.

ग्रांदी बेटाचं प्रकरण गंभीर. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२, त्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून सगळी कठीण प्रवाळं आहेत. काळं प्रवाळ, अग्निप्रवाळ, समुद्रपंखे हेही. म्हणजे कायद्याच्या लेखी वाघाच्या पंगतीत. मेलेला, वाहून आलेला तुकडाही उचलायचा नाही. शिक्षा तीन ते सात वर्षं कैद. शिवाय गोव्याच्या पाण्यात प्रवाळ आहेच किती? नद्यांचा गाळ सोसून ग्रांदीच्या आजूबाजूला जे थोडंसं तग धरून आहे, ते कुणाच्या दिवाणखान्यात जायला नको.

पर्वरीकर, तुमच्याकडे बिल आहे ते जपून ठेवा. भोकाभोकांचे तुकडे खाणीतले आहेत याचाही काही कागद मिळतो का बघा. परदेशातून येणारा जिवंत खडक साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या परिशिष्टात येतो, त्यामुळे कुणी 'इंडोनेशियाचा लाइव्ह रॉक' म्हणून बिनकागदाचा विकत असेल तर लांब राहा. सिमेंटच्या खडकाला ही भानगड नाही.

गडगडाट | १६ जून

अरे देवा. वाघ? बरं, माघार.

पर्वरीकर | २२ जून

ब्लीच झालं. पहिल्या दिवशी पाणी कोऱ्या चहासारखं, दुसऱ्या भरण्याला पुष्कळ निवळ. आता खडक पांढराफटक दिसतोय, हायपोच्या पाण्यातून काढला, वास शून्य. एका मित्राने सांगितलं की आता ॲसिडमध्ये बुडव, वरचा थरच विरघळून जाईल आणि फॉस्फेटही त्याच्याबरोबर. हे खरं का? बाथरूमचं ॲसिड घरात आहेच.

मांडवीची_ताई | २२ जून

थांबा, त्या बाटलीला हात लावू नका. मी म्हापशात अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते, मासे पाळत नाही, भाऊ पाळतो. रसायनाचं तेवढं सांगते.

ब्लीच आणि ॲसिड एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात खंदकांत सोडला होता तोच. तुमच्या खडकाच्या छिद्रांत ब्लीचचा अंश राहिला असेल तर ॲसिडमध्ये घालताच तो बाहेर येईल. हायपोमधून काढला म्हणता ते ठीक, तरी क्लोरीनच्या चाचणीचं द्रावण थेंबभर टाकून खात्री करा. शाळेच्या प्रयोगशाळेत किंवा तरणतलावाच्या सामानाच्या दुकानात मिळतं.

दुसरं, बाथरूम साफ करायच्या बाटलीत ॲसिडबरोबर रंग, साबण, घट्ट करणारे पदार्थ असतात. ते छिद्रांत शिरले की निघायचे नाहीत. साधं हायड्रोक्लोरिक ॲसिड वेगळं मिळतं, पण सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या आदेशानंतर दुकानदाराने ओळखपत्र बघून, कारण लिहून नोंद ठेवायची असते, तेव्हा त्याने विचारलं तर रागावू नका. वापरायचंच तर एक भाग ॲसिड, दहा भाग पाणी, आणि नेहमी पाण्यात ॲसिड ओतायचं, ॲसिडवर पाणी नाही. उघड्यावर. फसफसून जो बाहेर पडतो तो कार्बन डायऑक्साइड, हवेपेक्षा जड, बंद न्हाणीघरात तळाशी साचतो.

सायट्रिक ॲसिड सुरक्षित म्हणून कुणी सुचवेल. त्याने खडकावर कॅल्शियम सायट्रेटचा न विरघळणारा पांढरा लेप बसू शकतो. त्यापेक्षा व्हिनेगर बरं, फक्त संथ आणि महाग.

फसफस थांबेपर्यंत तसंच ठेवलं तर ॲसिड संपतं आणि कॅल्शियम क्लोराइडचं पाणी उरतं. तरीही खायचा सोडा टाकून खात्री करा. आपला जांभा म्हणजे जाळी. पोरसात ओतलेलं विहिरीत पोचायला वेळ लागत नाही.

खारवट | २२ जून

ताईंचं सगळं बरोबर, फक्त एक विसरू नका. पर्वरीकरांचा बराचसा खडक सिमेंटचा आहे. ॲसिड आधी सिमेंटच खातं. तुकडे भुसभुशीत होतील, आणि आतला ताजा सिमेंट उघडा पडला की पाण्याचा पीएच पुन्हा नऊच्या वर जाईल. वर्षानुवर्षं पाण्यात राहून जे मुरलंय ते कशाला उघडायचं? ॲसिड फक्त त्या चार-पाच जीवाश्म तुकड्यांना, तेही अर्धा तास. मी तर तेही करणार नाही. फॉस्फेट काढायला लँथनम (फॉस्फेटला पकडणारं रसायन) आहे, ते खडकाला खात नाही.

आता मोठा ड्रम घ्या. आरओ-डीआयचं (सगळे क्षार काढलेलं) पाणी, टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार शून्य. ओपा, अस्नोडा, कुठल्याही नळाचं क्लोरीनवालं पाणी थेट नको. जांभ्यातल्या विहिरीचं पाणी दिसायला नितळ, पण बहुधा किंचित आम्लधर्मी आणि कधी लोहाचं, तेही नको. त्यात स्वस्तातलं सी-सॉल्ट, खारटपणा ३५, विशिष्ट गुरुत्वात १.०२५ च्या आसपास. झाकण, अंधार, पॉवरहेड. हीटर आपल्याकडे लागत नाही. पाणी ३० च्या वर जायला लागलं तर पंखा.

मग फॉस्फेट मोजा. थांबा. पुन्हा मोजा. पाणी बदला आणि आकडा परत कुठपर्यंत चढतो ते बघा. खडक साफ झाला की नाही हे फक्त या चढण्यावरून कळतं, रंगावरून नाही. पाणी बदलल्याच्या दुसऱ्या दिवशी शून्य दाखवलं म्हणून खूश होणारे खूप बघितलेत. आठवडाभराने मोजा, मग बोलू.

साखळीकर | २३ जून

अवांतर: स्वस्तातलं मीठ म्हणालात म्हणून. आमच्या वहिनी आगरवाड्याच्या, मिठागराचं जाडं मीठ पोत्याने येतं घरात. समुद्रातूनच आलेलं ना? ड्रमला ते चालणार नाही?

मांडवीची_ताई | २३ जून

फार चांगला प्रश्न, बारावीच्या पेपरात घालण्यासारखा. मिठागरात समुद्राचं पाणी आटतं तेव्हा सगळे क्षार एकदम खाली बसत नाहीत. आधी कॅल्शियम कार्बोनेट, मग पाणी पाचव्या हिश्शापर्यंत आलं की जिप्सम, आणि साधारण दहाव्या हिश्शाला आलं की आपलं मीठ. तोपर्यंत मॅग्नेशियम, पोटॅशियम वर राहिलेल्या कडू पाण्यातच. ते पाणी आगरी सोडून देतात, नाहीतर मीठ कडवट होतं. म्हणजे हाती येतं ते मुख्यतः सोडियम क्लोराइड. समुद्र आटवून केलेलं मीठ पुन्हा पाण्यात घालून समुद्र परत मिळत नाही.

माशांना ते चालणार नाही एवढं मी सांगू शकते. खडकाच्या ड्रमचं खारवटबाब सांगतील.

खारवट | २३ जून

फॉस्फेट सुटण्यापुरतं एकवेळ चालेल, जिवाणू वसवताना नको. त्यांना पाण्याचा पीएच आठच्या वर टिकवायला क्षारता लागते आणि त्या मिठात ती नाही. वहिनींचं मीठ लोणच्याला.

दोनापावला | २४ जून

खरं समुद्राचं पाणी आणावं असं कुणाच्या मनात येण्याआधी सांगून टाकतो. उन्हाळ्यात आमच्या इथे ठीक असतं, आता अजिबात नाही. मांडवी आणि झुआरी दोन्ही भरभरून ओततायत, किनाऱ्याजवळचं पाणी गढूळ आणि अळणी. मासेमारीबंदी आहे, १ जून ते ३१ जुलै, म्हणून पाणी स्वच्छ असणार असा एकाचा तर्क ऐकला होता. ट्रॉलर बंद असले तरी नद्या बंद नसतात. दिवाळीनंतर रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचं यंत्र) घेऊन या, तेव्हा बघू.

पर्वरीकर | ५ जुलै

ड्रम सुरू आहे. हॅना कंपनीचा फॉस्फरस मोजायचा चेकर मागवला, एचआय ७३६. तो २०० वर लुकलुकतोय. २०० पीपीएम??? टाकी विकायला काढू का?

बेळगावचा_मासेवाला | ५ जुलै

दम धरा. तो पीपीएम (दहा लाखांत एक भाग) नाही, पीपीबी (अब्जात एक भाग) दाखवतो, आणि तेही फॉस्फेट नाही, फॉस्फरस. आकड्याला ३.०६६ ने गुणा, हजाराने भागा, मग फॉस्फेटचे पीपीएम. लुकलुकतोय म्हणजे यंत्राची मर्यादा संपली, खरा आकडा त्याहून जास्त. एक भाग ड्रमचं पाणी, नऊ भाग आरओचं पाणी, नीट ढवळून मोजा आणि उत्तर दहाने गुणा.

पर्वरीकर | ५ जुलै

तसं करून ६१ आलं. म्हणजे ६१०, म्हणजे १.८७ पीपीएम. रीफला किती हवं?

खारवट | ५ जुलै

०.०३ ते ०.१ च्या दरम्यान. त्या माणसाचं केसाळ शेवाळ का आवरत नव्हतं ते आता कळलं असेल. मासे कमी केले असते, खाद्य अर्धं केलं असतं, तरी हा साठा खालून पुरवठा करतच राहिला असता.

आता लँथनम क्लोराइड. तरणतलावातलं फॉस्फेट काढायला म्हणून मिळतं. फॉस्फेटला पकडून न विरघळणारी पांढरी भुकटी करतं. थेंबाथेंबाने, पॉवरहेडच्या प्रवाहात, पातळ करून. पाणी दुधी होईल. दहा मायक्रॉनच्या किंवा त्याहून बारीक फिल्टर सॉकमधून फिरवून गाळ पकडा, नाहीतर तो खडकावरच बसेल. खाऱ्या पाण्यात ते कार्बोनेटलाही धरतं, म्हणून क्षारता खाली येईल, घाबरू नका, हा ड्रम आहे. मासे असलेल्या टाकीत मात्र हा प्रयोग नको. तो बारीक गाळ कल्ल्यांना त्रास देतो.

आणि ड्रम कुठे ठेवलाय? गच्चीत असेल तर झाकण घट्ट आहे ना? पावसाने खारटपणा ३५ चा २० होतो आणि धुण्याच्या गोड्या पाण्याच्या उघड्या टबात डेंग्यूचे डास. पंचायतीचे लोक सध्या घरोघर फिरतायत.

पर्वरीकर | ५ जुलै

झाकण आहे, वर चिरा ठेवलाय. जांभा शेवटी कामाला आला.

पर्वरीकर | ९ ऑगस्ट

धागा वर काढतो. लँथनम आणि पाणी बदलणं आलटून पालटून चाललं. पाणी बदलून आठवडाभर काहीच न करता सोडलं तर आधी ०.६ पर्यंत चढायचं, मग ०.२५, आता ०.०८ ला थांबतंय. सिमेंटचे तुकडे आणि जीवाश्म तुकडे मध्ये वेगळ्या बादल्यांत ठेवून बघितले. जास्त फॉस्फेट जीवाश्मवाल्यांतून येत होतं, दोन तर अजूनही सोडतायत. ते बाजूला काढले. अमोनिया शून्यच आहे. पुढे जाऊ?

खारवट | ९ ऑगस्ट

बादल्या वेगळ्या करायची युक्ती झकास, मी सुचवायला हवी होती. जा पुढे.

लँथनमचं पाणी पूर्ण टाकून द्या, नव्या चांगल्या मिठाचं पाणी भरा. आता जिवाणूंना खायला अमोनिया द्यायचा. बाटलीतले जिवाणू घालायचे तर घाला, फायदा होतो. अमोनियासाठी कोळंबी कुजवायची पद्धत जुनी आहे, पण तिने फॉस्फेटही येतं, जे काढायला तुम्ही दीड महिना घालवला. त्यापेक्षा अमोनियम क्लोराइड. दोन पीपीएमपर्यंत न्या, त्याहून जास्त नको.

साखळीकर | ९ ऑगस्ट

अमोनियम क्लोराइड म्हणजे कल्हईवाल्याचा नवसागर की काय?

मांडवीची_ताई | ९ ऑगस्ट

तोच. पण कल्हईचा नवसागर शुद्ध असेल याची खात्री नाही, त्यात जस्त, लोह काहीही असू शकतं. प्रयोगशाळेच्या दर्जाचा घ्या, महाग नाही. हिशेब: १०० लिटर पाण्यात अमोनिया २ पीपीएम न्यायला सुमारे ०.६३ ग्रॅम. म्हणजे चिमूटभरच. सोनाराचा काटा किंवा प्रयोगशाळेचा तराजू लागेल, स्वयंपाकघरातल्या काट्यावर हे दिसणारही नाही. नाहीतर ६.३ ग्रॅम एक लिटर आरओच्या पाण्यात विरघळवा आणि त्यातले १०० मिली घाला.

बेळगावचा_मासेवाला | १० ऑगस्ट

खाऱ्या पाण्यात हे जिवाणू गोड्यापेक्षा हळू बसतात, धीर धरा. आधी अमोनिया उतरेल, नायट्राइट चढेल, मग तोही उतरून नायट्रेट उरेल. नायट्राइट असेपर्यंत नायट्रेटची चाचणी खोटं बोलते, फुगवून दाखवते, तेव्हा ती करूच नका. दोन पीपीएम अमोनिया चोवीस तासांत शून्य आणि नायट्राइटही शून्य, असं दोनदा लागोपाठ झालं की खडक तयार. आणि पावसाळ्यात वीज जाते. पॉवरहेड तासन्‌तास बंद राहिला तर आत प्राणवायू संपतो. बॅटरीवरचा एअर पंप शेजारी ठेवा.

पर्वरीकर | २१ सप्टेंबर

दोनदा लागोपाठ शून्य. दोन्ही. गणपतीत दीड दिवस वीज आली-गेली, पंपावर निभावलं. नायट्रेट २५, पाणी बदलून टाकीत लावतोय. पंचवीस किलोतला अठरा किलोच घेतला. पूर्वीच्या 'लिटरला सव्वाशे ग्रॅम'च्या हिशेबाने कमी आहे, पण मागे पाणी फिरायला जागा राहते. खारवटबाबांनी मडगावहून आणून दिलेला ओला तुकडा सम्पमध्ये ठेवलाय. दोन हट्टी जीवाश्म तुकडे अजून ड्रममध्येच.

एक शेवटचं. ड्रमचं दोनशे लिटर खारं पाणी कुठे टाकू? यात लँथनम नाही, ते आधीच गेलं. घरामागे सात माड आहेत. आजोबा माडाच्या मुळात मीठ घालायचे हे आठवतंय.

दोनापावला | २१ सप्टेंबर

माडाला चालतं, क्लोराइड त्याला हवंच असतं. पण सगळं एका आळ्यात नको, सातही माडांना वाटून, पाऊस असेपर्यंतच. विहीर किती लांब?

पर्वरीकर | २१ सप्टेंबर

पलीकडच्या गडग्याला लागून, शेजाऱ्यांची. बरीच लांब.

मांडवीची_ताई | २१ सप्टेंबर

मग त्या बाजूचे दोन माड सोडून बाकी पाच. केळी, मिरची, अबोलीपासून दूर ठेवा, ती जळतील.

साखळीकर | २२ सप्टेंबर

रुमाल उचलला. ऑस्करला विचारून बघतो, शेजारी खारं पाणी चालेल का.